पाण्याखालची बाजू

मी दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावते, त्यांनी वर्षानुवर्षं साठवलेलं कीटण खरवडून काढते आणि वर चार शब्द सुनावते. तरीही स्वतःच्या होडीच्या बुडाला काय चिकटलंय याचा मला गेल्या वर्षीपर्यंत पत्ता नव्हता. वरचं लाकूड मात्र आरशासारखं. असे पेशंट माझ्याकडे रोज येतात. पुढचे दात पांढरेशुभ्र आणि मागे सगळा आनंदीआनंद.

होडी लहानशीच आहे, एका शिडाची. पोटाखाली दोन रुंद पाय आहेत, त्यामुळे ओहोटीला पाणी निघून गेलं की ती वाळूवर सरळ उभी राहते. सुट्टीत मी आणि नवरा तिला बाहेर काढतो आणि तिसरे असतात माझे सासरे. बाबांनी सगळी नोकरी समोरच्या बेटावरच्या दीपगृहात केली. बंदरात त्यांना लहानथोर सगळे दिवेकाकाच म्हणतात. दिवा आता आपोआप लागतो. तिथे किल्ल्या सांभाळायला एक राखणदार असतो, तेवढंच.

त्या बेटावर केव्हाही जाता येत नाही. तोंडाशी एक काळा खडक आहे. भरतीला तो पाण्याखाली असतो, पाणी उतरू लागलं की डोकं बाहेर काढतो. खडक दिसला की आत शिरायचं नाही, हा नियम बाबांनीच आम्हाला घालून दिलेला. गेल्या वर्षी त्यांना एकदा वर जाऊन दिवा बघायचा होता. आम्ही वेळेत निघालो, वाराही होता, पण होडी पुढे सरकेचना. शेवटी इंजिन लावलं तर ते नुसतं ओरडत राहिलं. बेटाशी पोचेपर्यंत खडक बाहेर येऊन बसला होता. "वळवा," बाबा म्हणाले. परतीच्या वाटेवर ते हवापाण्याच्या गप्पा मारत होते, पण त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. मला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी होडीखाली वाकून बघितलं. शेवाळाची हातभर दाढी, त्यात चुन्यासारख्या टणक, धारदार शिंपल्या. इंजिनाच्या पंख्याची तर पातीच दिसत नव्हती. बिचारं इंजिन पाणी कापायचं सोडून दगड फिरवत होतं.

यंदा डॉक्टरांनी बाबांचं हृदय तपासलं आणि नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांना कुठे न्यायचं असेल तर या मोसमात न्या, पुढचं सांगता येत नाही. बाबांना कोणी काही बोललं नव्हतं, पण ते काही दुधखुळे नाहीत. जेवताना मधूनच म्हणायचे, "यंदा वारा बरा आहे म्हणे." ताकाला जाऊन भांडं लपवणं या माणसाला मरेस्तोवर सुटायचं नाही.

"बूड मी स्वतः करणार," मी जाहीर केलं.

"होड्यांच्या कारखान्यातल्या माणसांना देऊ की," नवरा म्हणाला. "तू कुठे त्या चिखलात."

"दरवर्षी त्यांनाच देत होतो ना?"

तो होडी वर घ्यायच्या तयारीला लागला. बायकोशी वाद घालून आजवर त्याला कधी काही मिळालेलं नाही.

होडी किनाऱ्यावर उचलून ठेवली आणि मी खाली शिरले. माझ्या हाताला काम नवं नव्हतं, तोंड तेवढं मोठं होतं. शिंपल्या पटाशीनं उडवल्या. त्यांचे मागे राहिलेले पांढरे गोल ठसे तसेच ठेवून लोक वरून रंग मारतात आणि तिथूनच रंग सुटतो. कीड न काढता दात भरावा तसं ते. मी एकेक ठसा काढला. जुना रंग पाणी लावून घासला, कारण त्याची कोरडी धूळ विषारी. मग नवा रंग. त्यात तांबं असतं आणि शेवाळाला तांब्याचं वावडं. पहिला हात लाल दिला, वरचे निळे. पुढेमागे निळ्यातून लाल डोकावलं, की समजायचं रंग झिजला. संध्याकाळी दवाखान्यात गेले की पेशंट आधी माझ्या नखांकडे बघायचे आणि मग दुसऱ्या डॉक्टरबद्दल चौकशी करायचे.

बाबा रोज खुर्ची टाकून बसायचे. बसून बसून हात शिवशिवायला लागले असणार. एके दिवशी मी उशिरा पोचले तर होडीच्या मागे त्यांची पाठ दिसली. पंख्याच्या दांड्यावर जस्ताचा एक ठोकळा असतो, तो त्यांनी चांदीसारख्या रंगानं सुरेख रंगवून काढला होता. कुठे ओघळ नाही, कुठे डाग नाही.

"बाबा, हे काय केलंत?"

"उघडा राहिला होता. खाऱ्या हवेत लोखंडाचा खिळासुद्धा उघडा ठेवत नाही आम्ही."

माझं डोकंच फिरलं. "तो उघडाच ठेवायचा असतो! खाऱ्या पाण्यानं त्याला खावं म्हणूनच तिथे बसवलाय. तो झिजतो म्हणून पंखा वाचतो. रंग लावलात म्हणजे पंख्याचा जीव घेतलात तुम्ही."

बाबांनी ठोकळा सोडवला, कानस घेऊन आपल्या खुर्चीत बसले आणि तो उजळ होईपर्यंत घासत राहिले. रात्री जेवताना मी ताटातच बघत राहिले. सासऱ्यांवर आवाज चढवला म्हणून मला वाईट वाटत होतं आणि माझं बरोबर होतं म्हणून माफीही मागवत नव्हती. असल्या वेळी वरण फार खारट लागतं.

सकाळी गेले तर बाबा माझ्या आधी हजर. मांडीवर फडक्यांची चळत, शेजारी पितळ उजळायची डबी. आणि पंखा सोन्यासारखा लखलखत होता. दिव्याभोवतीचं पितळ ज्यानं आयुष्यभर रोज उजळलं, त्याला हे काय अवघड? पात्याच्या मुळाशी, जिथे माझी बोटंही जात नव्हती, तिथेसुद्धा माझा चेहरा दिसत होता.

"इतक्या गुळगुळीत जागी कोण चिकटणार?" मी म्हणाले.

"तेच म्हटलं," ते फडकं झटकत म्हणाले. "रंगाचं तू बघ. चकाकी माझ्याकडे." वरून लोकरीच्या चरबीचं वंगण ऊन करून आम्ही दोघांनी मिळून चोळलं. माफी मागायची राहूनच गेली, कोणाला तिची गरजही पडली नाही.

होडी पाण्यात गेली तरी मी तिला स्वस्थ बसू दिलं नाही. उभ्या होडीला दाढी लवकर येते. दर सुट्टीला एक फेरी मारायची आणि मऊ स्पंजानं बूड पुसायचं. नवरा म्हणायचा, "माझी कधी एवढी काळजी घेतली नाहीस." मी म्हटलं, तू कुठे वेळेवर पोचवतोस?

मग तो दिवस आला. निघालो तेव्हा छान वारा होता आणि होडी अशी धावली, की नवऱ्यानं दोनदा शिडाकडे संशयानं बघितलं. निम्म्या वाटेत वारा पडला. शीड लटकलं. बाबांनी बेटाकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे. मी इंजिन लावलं. मागच्या वर्षीची ती ओरड कानांत होतीच, पण या वेळी पंख्यानं पाणी असं घट्ट धरलं की आम्ही तिघेही मागे रेललो. तोंडाशी आलो तेव्हा काळ्या खडकावर नुसता फेस उठत होता. डोकं अजून खालीच.

"शिर आत," बाबा म्हणाले.

राखणदार किल्ल्या घेऊन धक्क्यावर उभाच होता. "चला काका, वर चला. तुमच्यासाठी काच पुसून ठेवलीय."

"थांब जरा. पाणी उतरू दे."

"पाण्याचं काय काम?"

"दाखवायचंय तुला काहीतरी. दिवा काय पळून जातोय?"

ज्या दिव्यासाठी आम्ही एवढा खटाटोप केला, त्याच्या पायथ्याशी हा माणूस पाठ करून बसला आणि ओहोटीची वाट बघू लागला. पाणी हळूहळू गेलं. होडी आपल्या दोन पायांवर वाळूत उभी राहिली. बाबांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, राखणदाराचा दंड धरला आणि त्याला ओल्या वाळूतून होडीखाली नेलं.

"हात फिरव. फिरव की."

"गुळगुळीत आहे हो. शेवाळाचं नाव नाही."

"सुनेनं केलंय. दातांची डॉक्टर आहे. एवढी शिकलेली, पण चिखलात पाठ टेकून केलंय सगळं. शोध, एक शिंपली सापडते का." मग बोटानं मागे दाखवलं. "हा पंखा मी केला. आणि हा जस्ताचा ठोकळा बघ. याला रंग लावायचा नसतो. लोक लावतात. अक्कल नसते लोकांना."

नवऱ्यानं हसू लपवायला समुद्राकडे तोंड फिरवलं. माझ्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं होतं. आजवर शेकड्यांनी दात वाचवले असतील मी, पण कुणी असं दुसऱ्याला हाताला धरून माझं काम दाखवलं नव्हतं.

बाबांनी आणखी एकदा बुडाला खालून वरपर्यंत निरखलं. मग राखणदाराकडून किल्ली घेतली आणि दुसरा हात माझ्यापुढे केला.

"तुझं दाखवून झालं," ते म्हणाले. "चल, आता माझं बघायला."