आईच्या वाटचा व्यायाम

"झाले वीस," म्हणत नोएमीने पडद्यावरचं शेवटचं लिंबू स्वतःच्याच बोटाने दाबलं. "आता पड जरा, आई."

पडून पडून एलोदियाचा जीव विटला होता. पक्षाघाताने उजवा हात गेल्याला तीन महिने झाले, तेव्हापासून लेक तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नव्हती. आजारी आईला राबवलं तर सॅन अँटोनियोतली सगळी मेक्सिकन गल्ली तोंडात शेण घालेल, असं नोएमीचं म्हणणं. म्हणून टॅबलेटवरचा व्यायामही तीच उरकायची. पहिल्या काही महिन्यांत हात सुधारेल तेवढाच, असं डॉक्टरांनी बजावलेलं एलोदियाला पाठ होतं. पण भांडायला जीभच वळत नव्हती.

तेवढ्यात ग्रेसिएला आली. स्पॅनिश बोलणाऱ्या पेशंटांसाठी हा व्यायाम विद्यापीठात तिनेच तयार केला होता.

"दोन्या एलोदिया," तिने मानाने हाक मारली, "मार्कांत सगळ्यांत तुम्ही पहिल्या. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई आता बंद केल्या तरी चालतील."

बाई बंद म्हणजे हातही गेलाच, एलोदियाच्या मनात आलं.

"आवडतं ना?" ग्रेसिएलाने पडद्याकडे बोट दाखवलं. "आपली लिंबं, आपला निवडुंग, आपली मोठी टोपी. मुद्दाम घातलंय."

"असली टोपी," एलोदिया अडखळत म्हणाली, "आमच्यात... कुण्णी घातली नाही."

ग्रेसिएला हसली. "बरं, टोपी काढते. एकदा दाबून दाखवा."

नोएमीने सवयीने आईच्या मनगटाखाली हात घातला. एलोदियाने डाव्या हाताने तो झटकला. लेकीचा चेहरा एवढासा झाला. एलोदियाला फार वाईट वाटलं. पोरीने तीन महिने स्वतःकडे बघितलं नव्हतं. पण आता गप्प बसून चालणार नव्हतं. उजवं बोट कसंबसं पुढे सरकलं आणि लिंबाच्या अलीकडेच थांबलं. पडद्यावर शून्य.

"वीस मी केले," नोएमी मान खाली घालून म्हणाली. "रोजच. आईला कमी मार्क पडलेले बघवेनात मला."

ग्रेसिएलाने पडद्यावरच्या शून्याकडे पाहिलं. "चूक माझीच. टोप्या काढत बसले आणि घरात लेक असते हे विसरले. आता तुझ्यासाठीपण एक धडा घालते."

"कसला?"

"काहीच न करण्याचा."

"तो... जास्त अवघड," एलोदिया म्हणाली. मग टॅबलेटकडे मान हलवून, "शून्य लिही. बाईंना... येऊ दे."

तिने पुन्हा बोट पुढे केलं. नोएमी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यांवर बसून राहिली.