निळ्या सुतळीची गाठ

केनने लंगडणारी मेंढी दोन गुडघ्यांमध्ये धरून खाली बसवली आणि तिच्या मागच्या पायात अडकलेला काटेरी तारेचा तुकडा हलकेच ओढून काढला. तिने एकदाच हिसडा दिला. रस्त्यावरून नुकत्याच वळवून आणलेल्या बाकीच्या मेंढ्या कोपऱ्यात धापा टाकत उभ्या होत्या.

"आणखी थोडं पुढे गेल्या असत्या, तर दुधाच्या लॉरीखालीच," केन म्हणाला. तो निवृत्त पोस्टमन. एरवी प्रत्येक गोष्टीवर विनोद करायचा. आज केला नाही.

साउथहॅम्प्टनच्या उत्तरेला जीनचं शेत. दर शनिवारी सकाळी ती तिथे कुत्र्यांना मेंढ्या वळायला शिकवायची. खरं तर शिकवायची ती मालकांना. कुत्र्यांना निम्मं येतच असतं, असं तिचं मत. वर्गाचे नियम कुठे लिहिलेले नव्हते. आल्याबरोबर बूट जंतुनाशकाच्या बादलीत बुडवायचे. तीन वर्षांपूर्वी लाळ्या-खुरकताच्या साथीत शेजाऱ्याचा अख्खा कळप मारून जाळलेला तिने पाहिला होता, तेव्हा त्यात हयगय नाही. दुसऱ्याचं कुत्रं कामावर असलं, की आपलं दोरीला आणि आपलं तोंड बंद. पाण्याच्या बादल्या सगळ्यांनी मिळून भरायच्या. फाटकातून शेवटी येणाऱ्याने ते बांधायचं. आणि चूक झाली, तर चहाच्या आधी आपण होऊन सांगायची. सांगणाऱ्याने सीझन संपेपर्यंत फाटक सांभाळायचं, कुत्रं चालवायचं नाही. लपवणाऱ्याने पुन्हा यायचंच नाही.

नवऱ्याबरोबर वर्गाला येणारी सुमेधा फाटकापाशी गेली. त्याची कडी मोडल्यापासून निळ्या सुतळीने भागवणं चाललं होतं. सुतळी जागेवरच होती. तिची गाठही सुरेख होती: दुहेरी पीळ, दोन्ही टोकं सारखी कापल्यासारखी. फक्त ती फाटकाच्या दांड्याभोवतीच बांधलेली होती. खांबाला वेढा घेतलेलाच नव्हता.

नवऱ्याची ही गाठ तिने लग्नापासून पाहिली होती. टोमॅटोच्या रोपांना, पुण्याला पाठवायच्या पार्सलांना, लेकाच्या शाळेच्या बुटांना. दीनानाथांचा सर्जनचा हात रिटायर झाला, तरी गाठ रिटायर झाली नव्हती.

मागे दीनानाथ त्यांच्या कुत्रीची, नेलची, दोरी धरून उभे होते.

"धिस इज सिंपली केअरलेस," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग तिच्याकडे वळून मराठीत, "माझ्या थिएटरमध्ये कोणी असं केलं असतं ना, तर मी त्याला पुन्हा आत पाऊल टाकू दिलं नसतं."

त्यांचा चेहरा स्वच्छ होता. काही लपवणाऱ्या माणसाचा नव्हता तो. मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट त्यांनी दोनदा पुढे ढकलली होती, "आपल्याला काय झालंय?" म्हणून. शनिवार मात्र ते कधी विसरत नसत. शुक्रवारपासूनच बूट दाराशी काढून ठेवत, शिट्टी गळ्यात घालून जेवायला बसत.

घरात चहाची किटली खदखदू लागली. केनने मेंढीला सोडून दिलं.

"जीन," सुमेधा म्हणाली, "फाटक मी बांधलं होतं. सॉरी."

केनने गाठीकडे पाहिलं, मग सुमेधाकडे. तोंड उघडलं आणि रुमाल काढून उगाचच नाक शिंकरलं.

जीन जवळ आली. गाठीवरून तिने अंगठा फिरवला.

"छान गाठ आहे. कुठे शिकलीस?"

"घरीच."

"हं." जीनने मान हलवली. "मग सीझनभर फाटक तुझं. नेल त्यांच्याकडे."

"हो."

सुमेधालाही नेलला चालवणं आता कुठे जमायला लागलं होतं. गेल्याच शनिवारी नेल तिच्या एका शब्दावर गवतात बसली होती. ते तिने फोन करून लेकाला दोनदा सांगितलं होतं.

चहानंतर दीनानाथ नेलला घेऊन कुरणात गेले. सुमेधा फाटकाला टेकून पाहत राहिली. त्यांची शिट्टी एकदाही चुकली नाही. नेल लांबून वळसा घेत गेली आणि मेंढ्या एका गठ्ठ्यात, लंगडीला मधे घेऊन, सावकाश चालत आल्या.

काम संपलं. दीनानाथ शेवटी बाहेर आले आणि त्यांच्यामागे तिने सुतळी बांधली, परकराची नाडी बांधावी तशी.

"ही काय गाठ म्हणायची?" ते थबकले. "म्हणून सुटल्या मेंढ्या! इतकी वर्षं माझ्याबरोबर काढून एवढं येऊ नये? सरक बघू."

"तुम्हीच बांधा. मला नाही जमत मेलं."

गोठ्याच्या दाराशी बादली घेऊन निघालेली जीन थांबली.

सुमेधाने आपली गाठ सोडली. सुतळी खांबामागून फिरवून घेतली, दोन्ही टोकं पुढे ओढली, सारखी केली आणि त्यांच्यासमोर धरली.

"घ्या."

त्यांनी न बघता हात पुढे केला. बोटं आपसूक चालू लागली. पहिला पीळ पडला.

"बोट," ते म्हणाले.

तिने पिळावर बोट दाबून धरलं. ते काढ म्हणेपर्यंत काढलं नाही.