काही न करायचा तुकडा

मी चाळीस वर्षं लॉन्ड्री चालवली. कपड्यावरचा डाग बघून घरात काय सांडलं, कोण कुठे पडलं आणि कोण थापा मारतंय हे मला कळतं. त्यामुळे सुनेच्या बेटावर तिथल्या पाखरांनी माझ्या पांढऱ्या चादरींची जी दशा केली, ती मी फार मनाला लावून घेतली.

गेले होते मुलाला आणि सुनेला परत न्यायला. हे आधीच सांगून टाकते, उगाच साळसूदपणाचा आव नको. लॉन्ड्रीच्या वरची खोली मी त्यांच्यासाठी रंगवून घेतली होती. फिकट पिवळा रंग, दोन खिडक्या, नवीन पंखा. सहा वर्षं झाली होती दोघांना बेटावर. सून जंगलाची शास्त्रज्ञ. मुलगा बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, म्हणजे बायको जिकडे तिकडे तो. मी महिन्याभरासाठी म्हणून गेले आणि पाच महिने ठिय्या देऊन बसले. यांना घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं बोटीत चढतानाच ठरवलं होतं.

त्या बेटावर पूर्वी सगळं रानच होतं. ते तोडलं गेलं आणि बाहेरून आलेलं गवत डोक्याएवढं माजलं. मूळच्या झाडांपैकी सतराच उरली, तीही डोंगराच्या माथ्यावर. सून त्यांना आज्या म्हणते. ‘तिसरी आजी यंदा फळली नाही’, ‘सातव्या आजीला वाळवी लागली’ असलं काहीबाही जेवताना कानावर पडायचं आणि माझा घास हातातच राहायचा. त्या आज्यांचं रान पुन्हा खालपर्यंत आणायचं, हे तिचं काम.

पहिल्याच दिवशी तिने मला खालचे बारा तुकडे दाखवले. चारही कोपऱ्यांना खांब, भोवती लाल दोरा. काहींमध्ये रोपं लावलेली, काहींमध्ये नुसतं गवत कापलेलं. शेवटच्या तुकड्यात काहीच नाही.

“इथे काय करता?” मी विचारलं.

“काही नाही. इथे काही करायचंच नाही, आई. आपण हात लावला नाही तर काय होतं, ते बघायचंय. सुरुवातीला एकदा मोजलंय, आता तपासणीच्या आधी एकदा मोजायचं. तोवर तिथे पाऊलही टाकायचं नाही.”

ऊन मात्र नेमकं त्याच तुकड्यावर. वारासुद्धा. स्वयंपाकघरामागे जी दोरी होती तिथे सावली आणि ओल, कपड्यांना कुबट वास यायचा. मला काहीही सहन होतं, पण पांढऱ्या कपड्याला कुबट वास सहन होत नाही. ती दोघं सकाळी सातला डोंगर चढायची ती तीनला उतरायची. मी आठला कोपऱ्यातल्या दोन खांबांना नायलॉनची दोरी बांधायची, कपडे वाळत घालायची आणि दोनला सगळं सोडून गुपचूप आत. चादरीला गवत लागतं म्हणून दोरीखालचं गवत विळ्याने जरा कापलं. जरा म्हणजे दर आठवड्याला.

कपडे कडकडीत वाळायचे. पण पाखरं! त्या उघड्या माळावर त्यांना बसायला माझी दोरीच तेवढी. ओळीने बसायची आणि चादरीवर जांभळा सडा. मी काठी घेऊन धावले, डबे वाजवले, ठेवणीतल्या शिव्या दिल्या. पाखरं कशाला भीक घालतायत! शेवटी डागाशीच झुंजायचं ठरवलं. साबण लावला की डाग जांभळ्याचा निळा व्हायचा, कडेने हिरवट. लिंबू पिळलं की लालबुंद. असला नाटकी डाग मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

पाचव्या महिन्यात एके दिवशी सून डोंगरावरून घसरत आली. खिशातली फळं चिरडून शर्ट रंगला होता. मी शर्ट बादलीत टाकला, साबण लावला, आणि हात थांबला. निळा. कडेने हिरवट. खात्रीसाठी लिंबू पिळलं. लालबुंद.

“कसली गं ही फळं?”

“आजीची,” ती पाय चेपत म्हणाली. “फक्त वरच होतात.”

त्या रात्री जेवताना मुलाने सांगितलं की बुधवारी या कामाला पैसे देणाऱ्यांची तपासणी आहे आणि त्यानंतर बहुतेक काम बंदच होणार. सून ताटातल्या भाताशी खेळत बसली होती. “अकराशे रोपं हाताने लावली, आई. त्रेसष्ट जगली. असं हाताने लावत बसलो तर दोनशे वर्षं लागतील. रान पाखरांनी पेरायचं असतं. आणि पाखरं आजीची फळं खाऊन खाली येतच नाहीत. मधे बसायला एक फांदी नाही, कशाला येतील? बंद करा म्हणतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.”

“मग आम्ही घरीच येऊ,” मुलगा म्हणाला. “तुझी पिवळी खोली आहेच.”

पाच महिने जे ऐकायला बसले होते ते ऐकलं, आणि मी मूग गिळून बसले. पाखरं खाली येत होती. रोज येत होती. ते या बेटावर फक्त मला आणि माझ्या चादरींना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कपडे न घेताच त्या तुकड्यात गेले. वाकून पाहिलं. मी गवत कापत होते तिथे बोटभर उंचीची रोपं होती, दोन-दोन पानांची. आणि ती सरळ रेषेत होती! या खांबापासून त्या खांबापर्यंत, अगदी दोरीच्या खाली. मी एक उपटलं. खोटं कशाला बोलू, सगळीच उपटावीत असं मनात आलं होतं. दहा मिनिटांचं काम. बुधवारच्या आधी मोजायला काही उरलं नसतं आणि पुढच्या बोटीने आम्ही तिघं घरी.

हातातल्या रोपाच्या पानावर बीचं टरफल अजून अडकलेलं होतं, टोपी काढायची राहून गेल्यासारखं. मिऱ्याएवढं बी. ते घेऊन मी खोलीत आले आणि सुनेच्या टेबलावर वही उघडी दिसली. मेलेल्या रोपांची यादी होती. एक हजार सदतीस रोपं, प्रत्येकाचा नंबर, गेल्याची तारीख, कारण. ‘गवताने दाबलं.’ ‘गोगलगाय.’ ‘माहीत नाही, माझं चुकलं असेल.’

अशी वही माझ्याकडेही आहे. ज्या ज्या गिऱ्हाइकाचा कपडा माझ्या हातून बिघडला, त्याची नोंद. ती मी कधी कुणाला दाखवलेली नाही. मी तिथेच खुर्चीत बसून चक्क रडले. मग तोंड धुतलं, रोप पाण्याच्या कपात ठेवलं आणि दोघांची वाट बघत दारात उभी राहिले.

“तुझ्या त्या तुकड्यात मी दोरी बांधली,” सून दिसताच मी म्हटलं. “रोज. आणि गवतही कापलं.”

“आई!” ती एवढ्यांदा ओरडली की मुलगा पाण्याची बाटली टाकून पळत आला. “पाच महिने? तो तुकडा वाया गेला! आता तुलना कशाशी करू? एकच गोष्ट सांगितली होती मी तुम्हाला, एकच! काही करू नका!”

“चूक माझीच. पण हे बघ.” मी कप पुढे केला. “चादरीवर तोच डाग पडतो, जो तुझ्या शर्टावर होता. साबणाने निळा, लिंबाने लाल. तुझ्या आज्यांचं बी रोज माझ्या दोरीवर येतंय.”

तिने कपात पाहिलं. धावतच त्या तुकड्यात गेली आणि पालथी पडून एकेक रोप मोजायला लागली. आम्ही मागून पोचलो तेव्हा तिचं नाक मातीला लागलेलं होतं.

“एक्केचाळीस,” ती म्हणाली.

“बेचाळीस,” मी म्हटलं. “एक मी उपटलं.”

“का?”

“तुम्ही घरी यावं म्हणून.”

ती उठून बसली, माझ्याकडे बघत राहिली आणि हसायलाच लागली. मातीचे हात तिने माझ्या पांढऱ्या ब्लाउजवर ठेवले आणि मला घट्ट धरलं. डागाबद्दल मी त्या दिवशी काही बोलले नाही.

बुधवारी तपासणीच्या बाई आल्या. सुनेने आधीच सांगून टाकलं की हा तुकडा बिघडलाय, याचा आकडा धरू नका, पण दोरीचा प्रयोग नीट करून बघायला मला दोन वर्षं द्या. बाई चष्मा सावरत त्या सरळ रांगेकडे बघत होत्या. “इथे दोरी कोणी बांधली होती?” त्यांनी विचारलं. मी शाळेतल्यासारखा हात वर केला. त्यांनी दोन वर्षं दिली. मी स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि वर मला आनंद झाला होता. असा मूर्खपणा या वयात शोभत नाही.

मी एकटीच परत आले. आता बेटावर साठ दोऱ्या आहेत. प्रत्येकीखाली पांढऱ्या कापडाचे चौकोन अंथरतात, माझ्याच लॉन्ड्रीतल्या जुन्या चादरींचे. दर महिन्याला बोटीने त्यांचं गाठोडं येतं, प्रत्येक चौकोनावर नंबर. डाग आजीचा की दुसऱ्या कशाचा, ते मी ओळखून कळवते. मुलाने सांगितलं की सुनेच्या अहवालात माझं पद ‘डागतज्ज्ञ’ असं लिहिलंय.

पिवळ्या खोलीत मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्यात. सगळे चौकोन तिथे टांगलेले असतात, नव्या पंख्याच्या वाऱ्यावर हलत. कामाला येणारी बाई परवा म्हणाली, “ताई, एवढे घाण कपडे साठलेत, भिजवू का?”

“हात लावू नकोस,” मी म्हटलं. “तिथे काही करायचं नाही.”