घरचं एक, अंगावरचं एक

मुलांनो, डोळे मिटू नका. उघडेच ठेवा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही शाळेतून घरी येता, दप्तर ठेवता, हातपाय धुवायला मागे जाता, आणि मागे न्हाणीघर नाही. भिंत आहे, भिंतीला चुना आहे, फक्त न्हाणीघर नाही. आता असंही समजा की घरात कुणालाच त्याचं आश्चर्य वाटलेलं नाही. एवढं जमलं की पुढचं सोपं आहे.

आमच्या गावात एक मोजणीदार आला होता आणि तो घरं मोजून नेत असे. त्याच्याकडे डबीत गुंडाळून राहणारी पोलादी फीत होती. फितीच्या टोकाचा आकडा तो एका भिंतीला अडकवायचा, चालत समोरच्या भिंतीपर्यंत जायचा आणि कळ दाबायचा. फीत सर्रकन डबीत जायची आणि तिच्यामागून खोलीही जायची. रोज दुपारी एक खोली. माणूस सभ्य होता. चपला बाहेर काढून आत यायचा, आणि काम झाल्यावर पाणी मागायचा.

शेजारच्या वत्सलाबाई घोरपड्यांचं घर त्याने सात दिवसांत नेलं. सातव्या दिवशी वत्सलाबाई स्वयंपाकघरात थालीपीठ लावत होत्या. स्वयंपाकघर गेलं तेव्हा त्याही गेल्या. त्यांच्या दाराची बेल कोकिळेसारखी वाजायची, तीही गेली. त्यानंतर तो आमच्याकडे वळला.

आमच्या घरात मी आणि माझी नात उर्मी, दोघंच. तिचे आईवडील नोकरीला परगावी, आणि ती चौथीत. न्हाणीघर गेलं, स्वयंपाकघर गेलं, कोठीची खोली गेली. शेवटी फक्त पुढची खोली उरली. तिच्या दाराच्या चौकटीवर मी दर वाढदिवसाला पेन्सिलीने उर्मीची उंची मांडत असे. नऊ रेघा होत्या. उर्मी म्हणाली, "आजोबा, उद्या तो ही खोली मोजेल तेव्हा मी शाळेत असेन की घरात?"

दुसऱ्या दिवशी खंडेनवमीची सुट्टी होती. ती घरातच असणार होती.

म्हणून मी पिस्तूल घ्यायचं ठरवलं. परवाना माझ्या नावाने कपाटात होताच. तो कधी आला ते मला आठवत नव्हतं. उर्मीला दाराला कडी लावायला सांगितलं आणि सकाळीच निघालो.

आमच्या गावात खंडेनवमीला एक गोष्ट घडते, ती आधी सांगून ठेवतो. त्या दिवशी तुम्ही जे पाटावर मांडून हळदकुंकू वाहाल, ते वर्षभर तुमचं हत्यार होतं. शिंपी कात्री मांडतो, सुतार रंधा मांडतो. एकदा एका मुलाने चुकून टोपी मांडली होती, तर वर्षभर कुत्री त्याला वाट करून देत होती.

हत्यारांचं दुकान तांबट आळीच्या पार आतल्या टोकाला होतं. मालक सुभेदार हैबतराव ढमाले, पलटणीतून निवृत्त झालेले. पाटावर पिस्तुलं ओळीने मांडलेली होती आणि प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल होतं. मी आयुष्यभर शिकवलं, पण त्या दिवशी शिकायला बसलो आणि मला ते आवडलं. सुभेदार उत्तम शिकवत होते.

त्यांनी आधी एक मोठं पिस्तूल माझ्यासमोर ठेवलं. हे घरचं, असं ते म्हणाले. घरच्याला वजन पाहिजे. घाबरलेला हात थरथरतो, पण जड वस्तू त्याला थरथरू देत नाही. मूठ पुरती भरली पाहिजे. त्याची पेटी कुलपाची पाहिजे, किल्ली मोठ्या माणसाकडे पाहिजे, आणि ते घर सोडून एक पाऊलही बाहेर जाता कामा नये. मग त्यांनी तळहातात मावेल असं एक छोटं, चपटं पिस्तूल ठेवलं. हे अंगावरचं. ते हलकं हवं, कडा गोल हव्यात, कपड्यात अडकेल असं काही नको. ते कुणाला दिसता कामा नये.

"आणि गुरुजी," ते म्हणाले, "अंगावरचं बरोबर निवडलं असेल तर माणूस त्याला हात लावून बघत नाही. जो सारखा कमरेला हात लावतो, त्याचं चुकलेलं असतं."

मी विचारलं, दोन कशाला? मी एकच छत्री पावसातही वापरली आणि उन्हातही. एका पेन्सिलीने गणितं सोडवली आणि तिनेच चित्रं काढली. मधल्या आकाराचं एक पिस्तूल घेतलं की दोन्ही कामं होतील.

"गुरुजी, एका चपलेत दोन पाय घालता का?"

"मुलांना शिकवताना घातलेत," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. त्यांनी मधल्या आकाराचं पिस्तूल काढलं, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडू ठेवला आणि सांगितलं की पूजा झाली, आता हे तुमच्या घरचं. मी ते धोतराच्या कनवटीला खोचलं आणि निघालो. दहा पावलांवर मी कमरेला हात लावून पाहिला. वीस पावलांवर पुन्हा.

तांबट आळी संपते तिथे मला माझं घर भेटलं.

ते समोरून येत होतं. आता कल्पना करायला फार कष्ट पडू नयेत: घराचं हत्यार घराबाहेर होतं, म्हणून घर त्याच्यामागे निघालं होतं. पुढच्या खिडकीत उर्मी उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, मी कडी लावली होती." मी म्हणालो, बरोबर केलंस.

घराला परत न्यावं म्हणून मी पुढे झालो, तर मागच्या बाजूला फितीचा आकडा पन्हळीत अडकलेला दिसला. डबी हातात धरून मोजणीदार शांतपणे मागून चालत होता. त्याने मला नमस्कार केला. घर हललं की मोजायला सोपं जातं, असं तो म्हणाला. आज दुपारपर्यंत होऊन जाईल.

आता घराच्या जागेवर परत जाता येत नव्हतं, वाटेत घरच उभं होतं. मी वळलो आणि सुभेदारांच्या दुकानाकडे चालू लागलो. घर माझ्यामागे, मोजणीदार घरामागे.

तांबट आळी तुम्ही पाहिलेली नाही. तिथे दोन हंडेवाल्या बायका समोरासमोर आल्या तर एकीला ओट्यावर चढावं लागतं. घर त्या आळीत शिरलं आणि आळीएवढं अरुंद झालं. भिंती घासल्याचा आवाज आला, थोडा चुना पडला, पण काही मोडलं नाही. मी मागे पाहिलं. खिडकी ताटाएवढी झाली होती आणि खिडकीतली उर्मी बाहुलीएवढी. तिला काही होत नव्हतं. घर जेवढं, तेवढी ती.

मी तिला घाबरू नकोस म्हणालो. ती म्हणाली की घाबरले नाही, पण शेवटची रेघ आता माझ्या डोक्याच्या वर आलीय.

म्हणजे चौकटीपेक्षाही ती भराभर लहान होत होती. मी चाल वाढवली. ओट्यांवर लोक पूजा आटोपून उभे होते. एका तांबटाने हातोडीला कुंकू लावता लावता विचारलं, गुरुजी, घर बदलताय का? मी हो म्हणालो. पुढे आळी आणखी आवळत गेली. पुढच्या वळणावर घर कपाटाएवढं झालं, त्याच्या पुढच्या वळणावर रेडिओएवढं. आता ते जमिनीवरून टक टक करत येत होतं. मागे फीत कुरकुरत होती. दुकानाच्या पायरीशी पोचलो तेव्हा घर जेवणाच्या डब्याएवढं होतं आणि उर्मीचा आवाज मुंगीच्या चालण्याएवढा.

मी घर उचलून सुभेदारांच्या फळीवर ठेवलं. तेवढ्यात पन्हळ तुटली आणि आकडा सुटला. मोजणीदार पायरीशी थांबून चपला काढू लागला. त्याच्या चपलांना बरेच बंद होते.

"म्हटलं होतं की नाही?" सुभेदार म्हणाले.

मी चूक कबूल केली. विद्यार्थ्याने करावी तशी, कान धरून. मग विचारलं, आता काय करायचं?

"घरचं घरात ठेवा. मग घर हिंडायचं थांबेल."

दार माझ्या अंगठ्याएवढं होतं. त्यातून पिस्तूल जाणार नव्हतं. सुभेदार म्हणाले की पिस्तूल एकटं जात नाही, त्याला माणूस घेऊन जातो. मी फळीवर वाकलो, दाराशी डोकं नेलं, आणि घर जेवढं, तेवढा मी झालो. उंबऱ्यावर उर्मी समोर उभी होती. आत एकालाच पुरेल इतकी जागा उरली होती.

"तुम्ही आत, मी बाहेर," उर्मी म्हणाली.

आम्ही उंबऱ्यावर एकमेकांना ओलांडलं. बाहेर पाऊल टाकताच ती नवव्या रेघेएवढी झाली, थोडी जास्तच. मी आत गेलो. माझी खुर्ची होती, भिंतीवर कॅलेंडर होतं. कोपऱ्यात एक लोखंडी पेटी होती, ती पूर्वी नव्हती. मी पिस्तूल पेटीत ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली आणि खुर्चीत बसलो. घराने एक मोठा श्वास सोडला आणि ते स्थिर झालं. इतकं स्वस्थ मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

खिडकीतून मला सगळं दिसत होतं. मोजणीदाराने शेवटचा बंद सोडला, आत आला आणि म्हणाला की एक खोली बाकी आहे, ती द्या. पाणी नंतर घेईन.

उर्मी फळीपुढे उभी राहिली. सुभेदारांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. "पोरी, तुझ्यासाठी माझ्याकडे काही नाही. लहानांच्या हातात मी देत नाही."

"मला तुमच्याकडचं नकोच आहे," उर्मी म्हणाली. "पाट द्या."

सुभेदारांनी पिस्तुलं बाजूला सारून पाट रिकामा केला. पलटणीत मोठा साहेब आल्यावर करतात तसं त्यांनी पाठ ताठ केली. उर्मीने घर उचलून पाटावर ठेवलं. करंगळीने हळद घेतली, कुंकू घेतलं आणि माझ्या उंबऱ्यावर लावलं. तिची करंगळी दाराएवढी होती. मग छपरावर झेंडूचं फूल ठेवलं आणि खोलीत सगळीकडे केशरी उजेड पडला.

"हे अंगावरचं," ती म्हणाली.

सुभेदारांनी घर निरखून पाहिलं. हलकं होतं. आळीने घासून कडा गोल केल्या होत्या. पन्हळ तुटल्यामुळे कपड्यात अडकेल असं काही उरलं नव्हतं. त्यांनी आयुष्यात इतक्या लोकांना निवडायला शिकवलं होतं. ते फक्त म्हणाले, "पास."

उर्मीने घर फ्रॉकच्या खिशात ठेवलं आणि बटण लावलं. अंधार झाला, मग माझी खिडकी बटणाच्या काजाशी आली आणि पुन्हा दिसू लागलं. मोजणीदार फळीकडे बघत होता. फळीवर झेंडूच्या दोन पाकळ्या होत्या.

घर कुठे आहे, असं त्याने विचारलं.

"कुठलं घर?" सुभेदार म्हणाले.

त्याने फळीखाली पाहिलं, पाटाखाली पाहिलं, उर्मीकडे पाहिलं. उर्मी दोन्ही हात मोकळे सोडून सरळ उभी होती. मी वाट बघत होतो. तिने खिशाला एकदाही हात लावला नाही. मुलांनो, इतकी वर्षं शिकवून मला जे सकाळी जमलं नव्हतं, ते तिला उभ्या उभ्या जमलं.

मोजणीदाराच्या हातात डबी होती आणि डबीतून आकडा वीतभर बाहेर लोंबत होता. उर्मी पुढे झाली, तो आकडा तिने मुठीत धरला आणि दुकानाच्या पायऱ्या उतरू लागली. फीत मागे उलगडत गेली. मोजणीदाराने कळ दाबली, मग दोन्ही अंगठ्यांनी दाबली. पण फीत परत जायला टोक सुटावं लागतं, आणि उर्मीने ते सोडलं नाही. तो अनवाणीच तिच्यामागे ओढला जाऊ लागला.

वीस पावलांवर फितीतून आमची कोठीची खोली बाहेर पडली. मग स्वयंपाकघर, मग न्हाणीघर, नळ गळतच होता. खोल्या आळीत मावेनात, म्हणून आळी रुंद होऊ लागली. ओटे मागे सरकले. तांबटांनी हातोड्या उचलल्या आणि हंड्यांवर ठोके धरले, लग्नात धरतात तसे. खिशात माझी खुर्ची त्या ठेक्यावर हलत होती.

फितीतून थालीपिठाचा खमंग वास आला. मग मागे कुठेतरी कोकिळा बोलली, दारावरची, एकदा आणि पुन्हा एकदा.

उर्मीने आकडा दुसऱ्या मुठीत घेतला आणि ती पळत सुटली.