मागाच्या खड्ड्यातला पाहुणा

मुक्या जीवांवर दया करणं हा सोनकुसऱ्यांच्या घराण्याचा पिढीजात धर्म आहे, असं ईश्वरदासांनी पाहुण्यांना सांगितलं, तेव्हा मैनाबाई चहाचे कप घेऊन दारातच उभ्या होत्या.

"मंग परवा मांजरीले चप्पल कोणं फेकून मारली जी?" त्यांनी विचारलं.

ईश्वरदासांनी धर्माचा विषय तिथेच सोडला.

पाहुणे कुत्रं बघायला आले होते. त्यांना घेऊन आली होती अदिती, भटक्या कुत्र्यांना घरं शोधून देणारी मुलगी. धंतोलीतल्या ज्या इस्पितळात ईश्वरदास लिफ्ट चालवत, तिथल्या पार्किंगमध्ये तिला उन्हाळ्यात एक लंगडं कुत्रं सापडलं होतं. "काका, घर मिळेपर्यंत फॉस्टर करा ना, आठच दिवस," ती म्हणाली होती. फॉस्टर म्हणजे काय, हे विचारेपर्यंत कुत्रं ईश्वरदासांच्या मांडीवर आणि ईश्वरदास ऑटोत होते. आठ दिवसांचे दोन महिने झाले. पाय बरा झाल्यावर कुत्रं दारापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून दारापर्यंत मागावरच्या धोट्यासारखं पळायला लागलं, म्हणून त्याचं नाव धोट्या पडलं.

माग मात्र आता घरात नव्हता. गोळीबार चौकामागच्या या घरात ईश्वरदासांच्या वडिलांनी जन्मभर लुगडी विणली. ईश्वरदासांनीही लग्नानंतर काही वर्षं विणली, मग लिफ्ट धरली. माग विकला. खड्डा कोणी विकत घेत नाही, म्हणून तो समोरच्या खोलीत राहून गेला. काठावर बसून विणकराने आत पाय सोडायचे, एवढाच तो.

मैनाबाईंना तो बुजवायचा होता. मुलाने, चंदनने, पुण्याहून पाठवलेलं वॉशिंग मशीन दिवाळीपासून खोक्यात पडून होतं, आणि ठेवायला जागा म्हणाल तर तीच एक. रुपराव मिस्त्री एका पायावर तयार होता. ईश्वरदासांना खड्डा हवा होता. कशाला, ते सांगता येत नव्हतं, आणि जे सांगता येत नाही ते मैनाबाईंच्या हिशेबी नसतंच. अशात धोट्या आला, मे महिन्यात घरभर हिंडला आणि गारवा बघून खड्ड्यात जाऊन झोपला. तेव्हापासून मिस्त्रीचा विषय निघाला की ईश्वरदास म्हणत, "मुका जीव निजून राहिला वं तिथं. त्याले उठवू का आता?"

साहजिकच धोट्याला घर मिळेना. पहिलं स्थळ ईश्वरदासांनी मोडलं, कारण त्या घरी पोपट होता. दुसरं मोडलं, कारण घर चौथ्या मजल्यावर होतं.

"लिफ्ट आहे ना काका तिथे!"

"लिफ्टचा काही भरवसा नसते पोरी," ईश्वरदास म्हणाले. अदितीने त्यांच्या इस्त्रीच्या गणवेशाकडे नुसतं बघितलं.

आजचं स्थळ मनीषनगरचं होतं. केशवराव, अरुंधतीबाई, तळमजला, अंगण. पोपट नव्हता. ईश्वरदासांनी शेवटचा खडा टाकून पाहिला.

"याले झोपाले खड्डा लागते. फरशीवर नाही झोपत हा."

"मग खणू दे की," अरुंधतीबाई म्हणाल्या. "पेरूखाली हवा तेवढा खणू दे. तसाही यांनी तिथे काही लावलेलं नाही."

केशवराव या टोमण्याकडे दुर्लक्ष करून वाकले आणि "धोट्या" म्हणाले. धोट्या खड्ड्यातून वर आला, त्यांच्या बुटावर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटून घेतले. स्थळ ठरलं. ईश्वरदासांना बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. गाडी निघाली तेव्हा धोट्याने मागे वळून पाहिलं नाही. हे त्यांना जरा जास्तच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपराव मुरुमाची हातगाडी घेऊन दारात हजर. ईश्वरदास चहाचा कप घेऊन खड्ड्याच्या काठावर बसले होते, पाय आत सोडून.

"उठा ना गा भाऊ. मुरूम टाकाचा आहे."

"चहा पिऊन राहिलो."

"कप तं रिकामा आहे तुमचा!"

"मंग भरून आण."

गलका ऐकून मैनाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. नवरा पाठमोरा बसला होता. पाठ किंचित वाकलेली, दोन्ही हात पुढे, समोर भिंत. नवी नवरी असताना याच पाठीमागे बसून त्यांनी धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरल्या होत्या. तेव्हाही हा माणूस काही बोलत नसे, पण तेव्हा माग तरी वाजायचा.

"रुपराव, आज राहू दे गा," त्या म्हणाल्या. "त्या पोरीचा फोन आलता. दुसरं कुत्रं येऊन राहिलं."

"अजून एक? काहून?"

"काहून म्हणजे? मुका जीव आहे. आमच्या घरी धर्मच आहे तो."

रुपराव हातगाडी वळवून गेला. मैनाबाईंचा फोन सोमवारपासून दुरुस्तीला पडला होता. ईश्वरदासांचा त्यांच्याच खिशात होता आणि तो वाजला नव्हता. ईश्वरदासांनी मागे पाहिलं नाही. रिकामा कप तेवढा वर धरला. मैनाबाईंनी तो नेला आणि भरून आणला.

दुपारी ड्यूटीवर जाता जाता ईश्वरदासांनी अदितीला फोन लावला. "एखादं असेल तं दे," ते म्हणाले. "लंगडं असलं तरी चालते."

रविवारी कुत्रं आलं. ते खड्ड्यात अजून एकदाही उतरलेलं नाही. वॉशिंग मशीनच्या खोक्यावर झोपतं.