गजेंद्रचे सहा गोल

बशीर शेख बारा वर्षं पूर्णा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होता आणि बाराही वर्षं त्याचा आदेश अकरा महिन्यांचाच निघाला. २००६ च्या जुलैत कायम पद भरायचं ठरलं. बशीर पंचेचाळीसचा होता. वयामुळे यापुढे संधी नव्हती. एकच अट आडवी येत होती. उमेदवार आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळलेला असावा.

तो खेळला होता. १९८४ मध्ये भोपाळला त्याने चार सामन्यांत सहा गोल केले. पण त्या वर्षी तो इंग्रजीत नापास होता, म्हणजे नियमाने अपात्र. तेव्हाच्या क्रीडाप्रमुखांनी धामणगावच्या गजेंद्र नावाच्या पास विद्यार्थ्याच्या अर्जावर बशीरचा फोटो चिकटवला. गजेंद्र तो आठवडाभर बहिणीच्या लग्नात पंगती वाढत होता. शील्ड आली, वर्तमानपत्रात ‘गजेंद्र चमकला’ असा मथळा आला, प्रमाणपत्रही गजेंद्रच्याच नावाचं निघालं. त्यावर त्याला नोकरी लागली. आता तो विद्यापीठाचा क्रीडा संचालक होता आणि निवड समितीत बसणार होता.

फोटो चिकटवलेल्या त्या अर्जाची प्रत बशीरकडे होती. मुलाखतीच्या सकाळी अकोल्याहून निघताना शकीलाने ती नवऱ्याच्या खिशात घातली. “आज निकालो, नहीं तो फाड के फेको,” ती म्हणाली.

अमरावतीला समितीच्या खोलीबाहेर गजेंद्रनेच त्याला गाठलं.

“कागद आणला असशीन.”

“आणला.”

“दाखव मंग. माही नोकरी जाईन. पण शील्ड रद्द झाली का आपल्या टीममधल्या चंद्रभानचं, देवीदासचंबी सर्टिफिकेट खोटं ठरीन. त्यायच्या पगारावर भावायच्या चुली चालून राहिल्या. दोन सालांत वावरात काय पिकलं, तुले मी सांगू?”

“तू त्यायच्यासाठी बोलून राहिला का सोतासाठी?”

“सोतासाठी. पण खोटं नाही बोलून राहिलो.”

खोटं नव्हतं. खेळाडूंच्या कोट्यातून चंद्रभान कंडक्टर झाला होता, देवीदास तलाठी. दोघांच्या गावांत त्या वर्षी खात्रीने येणारी गोष्ट म्हणजे महिन्याचा पगार, एवढीच होती.

आत पुण्याहून आलेल्या सदस्याने विचारलं, “विद्यापीठाकडून खेळलात?”

बशीरचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

“नाही, सर.”

“मग अवघड आहे.” सदस्य कात्रणांची जुनी फाइल चाळत गजेंद्रकडे वळला. “अहो, तुमचे तर एकाच स्पर्धेत सहा गोल! शेवटचा अगदी शेवटच्या मिनिटाला. कसा मारलात?”

गजेंद्रने पाण्याचा ग्लास उचलला. “बशीरला विचारा. तो होता सोबत, सामान सांभाळायला. आपलं कौतुक आपण काय करायचं.”

सगळे बशीरकडे पाहू लागले.

“कॉर्नर होता,” बशीर म्हणाला. “त्यांच्या गोलीला वाटलं, चेंडू पहिल्या खांबाशी पडेल. सर मागे थांबले. छातीवर घेतला, खाली पडू दिला नाही, डाव्या पायाने मारला. जाळं फाटकं होतं, चेंडू पार बाहेर गेला. पंचांना गोल पटेना. मग त्यांचाच गोली म्हणाला, गोल आहे.”

“छान सांगता,” सदस्य म्हणाला आणि त्याने बशीरच्या नावापुढे ‘अपात्र’ लिहिलं.

मुलाखती संपल्यावर गजेंद्र बाहेर आला. “अकरा महिन्यांचा आदेश सोमवारीच काढतो. काही लागलं तर सांगजो.”

बशीर जिना उतरू लागला.

“बशीर,” गजेंद्रने वरून हाक मारली. “डावा पाय म्हनला ना तू?”

“डावा.”

“बरं. इचारतात लोक.”