बिनपिसांचा सहावा बाण

१८ जानेवारी १९८७, रविवार. सकाळी दव, आकाश स्वच्छ, वारा अजिबात नाही. त्या दिवशी महिपतनं माझी पिसं ब्लेडनं खरवडून काढली.

मी ॲल्युमिनियमचा बाण बोलतोय. आम्ही सहा भाऊ. महिपतचा मेहुणा रघू बोटीवर नोकरीला. त्यानं परदेशातून कंपाऊंड धनुष्य आणलं, दोन्ही टोकांना चाकं असलेलं. त्याच्यासोबत आम्ही आलो. सगळे सारखे, पिवळ्या पिसांचे. मग मीच का? डब्यात सगळ्यात वर मी होतो, एवढंच.

महिपत मिरजोळ्याच्या कारखान्यात फिटर. धनुष्याची इंग्रजी पुस्तिका तो शब्दकोश घेऊन वाचायचा. पिसं बाणाची चूक झाकतात आणि बिनपिसांचा बाण ती उघडी पाडतो, असं तिच्यात लिहिलं होतं.

दर रविवारी गावाबाहेरच्या सड्यावर, मोकळ्या कातळावर, पेंढ्याचा गठ्ठा उभा राही. आधी माझे दोन भाऊ सुटत आणि मधोमध शेजारी शेजारी रुतत. मग मी. मी वाकडा, शेपटी एकीकडे, त्यांच्यापासून वीतभर डावीकडे. महिपत पट्टी लावून अंतर मोजी, वहीत लिही आणि बाण ज्यावर टेकतो तो पितळी टेकू केसभर सरकवी. पहिल्यांदा त्यानं तो उलट्या बाजूला सरकवला, तर मी गठ्ठाच चुकलो. तेही त्यानं लिहून ठेवलं.

"पाच धडधाकट सोडून त्या भुंड्याचंच काय ऐकता?" त्याची बायको विमला म्हणाली.

"तोच खरं बोलतो."

"खरं बोलायला घरात मी आहे. ऐकता का कधी?"

त्याच्या कौतुकानं माझं पोट भरत नव्हतं. घरी आल्यावर तो भावांची चुरगळलेली पिसं चहाच्या वाफेवर धरून फुलवायचा. मला फडक्यानं पुसलं की झालं. डब्यात त्यांची पिसं माझ्या अंगाला घासत आणि माझा जळफळाट होई. यातला एखादा दगडावर आपटून मोडावा, असं मला रोज वाटे. कोण, तेही मी ठरवून ठेवलं होतं.

मार्चअखेर मी त्यांच्या अगदी मधोमध जाऊन रुतलो. महिपतनं वहीत लिहिलं, "जुळलं."

पाच एप्रिलला हेदवीला खुली स्पर्धा होती. शेजारचा बागायतदार हरिश्चंद्र बांबूच्या धनुष्यानं दोन वर्षं महिपतला हरवत आला होता. इकडे रघूला धनुष्यासाठी मुंबईत गिऱ्हाईक मिळालं होतं. यंदा हरलो तर धनुष्य रघूला परत देईन, असं महिपत विमलेला कबूल करून बसला होता.

स्पर्धेला सहा बाण लागत. दोन दिवस आधी त्यानं विमलेच्या कोंबड्याची तांबडी पिसं मला चिकटवली. मी सुखावलो. पण शेजारी पिवळी पिसं दिसली आणि पुन्हा जळलो.

हरिश्चंद्राच्या आंब्याच्या टेम्पोतून सगळे निघाले.

"महिपता, वाटेत टेम्पोचं चाक निखळलं तर तुझ्या धनुष्याचं देशील ना रे?" हरिश्चंद्र म्हणाला.

"हरलास की घरी जायला दोन्ही चाकं देतो तुला."

एका वळणावर आंब्याची पेटी घसरून गोधडीत गुंडाळलेल्या धनुष्यावर आली. महिपतनं गोधडी सोडून पाहिलं. कुठे ओरखडा नव्हता.

मैदानावर त्यानं सरावाचे तीन बाण सोडले, तिसरा मी. सुटतानाच मला कळलं, टेकू सरकलाय. पूर्वी मी वाकडा जाऊन ते तिथल्या तिथे दाखवलं असतं. आता पिसांनी मला लगेच सरळ केलं. तिघेही एकाच जागी रुतलो, मध्यापासून चार बोटं डावीकडे.

"दर्याचा वारा आहे रे," हरिश्चंद्र म्हणाला. हरिश्चंद्रालाही खरंच तसं वाटलं होतं.

महिपतनं सुरूच्या शेंड्यांकडे पाहिलं. ते हलत होते. "वारा पडला की सोडीन," तो म्हणाला. वही पिशवीत होती. ती त्यानं काढली नाही.

वारा पडला. त्यानं मध्यावर नेम धरून एकेक करत सहाही बाण सोडले; ते कुठे रुतताहेत हे तिथून नीट दिसत नव्हतं. सगळे एका तळहातात मावतील इतके जवळ, मध्यापासून चार बोटं डावीकडे.

साठपैकी महिपतला ४१ गुण, हरिश्चंद्राला ४४. बारा एप्रिलला रघू धनुष्य आणि सहा बाण घेऊन मुंबईला गेला.